आजीच्या खांद्याला लागलेली बंदूक ओळखा (आणि तुमच्याकडचे विचित्र फोटोही येऊ द्या)

फुसका_बार (गिरगाव), शनिवार रात्री १०:१२
मंडळी, दिवाळीआधी रंग काढायचा म्हणून आज भिंतीवरचे फोटो उतरवले. त्यातला हा एक. जन्मापासून बघतोय, पण कधी नीट बघितला नव्हता.

फोटोत आमची आजी. नऊवारी, नाकात नथ, केसांत फूल आणि खांद्याला चक्क रायफल! नेम धरलाय. एक डोळा मिटायचा असतो असं तिला कुणीतरी सांगितलं असणार, कारण तिने दोन्ही मिटलेत. फ्रेमची पाठ उचकटली तर मागे पेन्सिलीने लिहिलंय: 'डिसेंबर १९६२'.

घरातली दंतकथा अशी: चीनच्या लढाईच्या वेळी आजी होमगार्डच्या वर्गाला जायला लागली आणि पहिल्याच गोळीला तिने चांदमारीचा मधला ठिपका फोडला. बायको म्हणते, डोळे मिटून? माझी पंचाईत झालीय.

तर जाणकारांनी सांगा, ही बंदूक कुठली? आणि जाता जाता बंदुकीचे तुमच्याकडचे चमत्कारिक फोटोही टाका. आज रात्री झोप येणार नाही, रंगाचा वास फार आहे.

ठासणीवाला (लालबाग, मूळ कणकवलीकडचा)
पहिला! आणि फोटोला दंडवत. आजी एक नंबर.
बंदूक काय माहीत नाही, ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरतात ती) नाही एवढं छातीठोक सांगतो. ठासणीला खाली गज असतो. तो दिसत नाही.

नवखा_नेमबाज
स्नायपर आहे का?

ठासणीवाला
@नवखा, होय. आणि नथीत दुर्बीण बसवली आहे.

डोंबिवलीचे_काका
पोरांनो, भांडू नका. ही थ्री नॉट थ्री. पुढच्या टोकाकडे बघा, लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत आलंय आणि नाक नकटं आहे. ते नकटं नाक दुसऱ्या कुणाचं नाही. ली-एनफिल्ड. दहा गोळ्यांचं मॅगझिन पोटाखाली दिसतंय बघा, आजींच्या कोपराशेजारी. वजन चार किलोच्या आसपास. कॉलेजात एनसीसीत असताना ही घेऊन इतकी परेड केली, की अजून शर्ट शिवायला गेलो की शिंपी विचारतो, काका, उजवा खांदा उतरलाय का?

नवखा_नेमबाज
थ्री नॉट थ्री म्हणजे तीनशे तीन गोळ्या एकदम का?

डोंबिवलीचे_काका
नाही बाळा. नळीचं भोक पॉइंट तीनशे तीन इंच. आपल्या भाषेत ७.७ मिलिमीटर.

तोफखाना
काकांच्या म्हणण्याला +१, पण एक शंका. हिच्यासारखीच दिसणारी पोलिसांची मस्कट पण होती. ईशापूरच्या कारखान्यात थ्री नॉट थ्रीच्याच अंगाची .४१० बनवायचे. एका वेळी एकच काडतूस. मॅगझिनचं घर दिसायला तसंच. फोटोवरून फरक सांगणं अवघड आहे.

आणि हो, .४१० हाही इंचाचाच आकडा. बारा बोअरचं मात्र गणित वेगळं. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या बारा गोल गोळ्या करा, त्यातली एक ज्या नळीत बरोब्बर बसेल ती बारा बोअर. म्हणून बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस ऑफिसात प्रत्येकाला सांगत सुटलो होतो. कुणालाही रस नव्हता.

फुसका_बार
आम्हाला आहे! असंच येऊ द्या. ते .३१५ काय असतं मग? गावाकडे ऐकलंय.

तोफखाना
इंग्रजांचा संशयी स्वभाव. फौजेचं थ्री नॉट थ्री काडतूस लोकांच्या हाती लागू नये म्हणून खाजगी माणसाला ती बोअर बंद केली. मग शिकाऱ्यांसाठी फौजेच्या काडतुसाशी न जुळणारी .३१५ आली. इंग्रज गेले, .३१५ राहिली. आपल्या आयुध निर्माणीची स्पोर्टिंग रायफल त्याच बोअरची.

ठासणीवाला
आता माझा विचित्र फोटो. खंडेनवमी, गावचं घर, २००९. पाटावर कोयता, विळी, नांगराचा फाळ, आजोबांची ठासणीची बंदूक आणि आतेभावाचा लॅपटॉप. सगळ्यांना हळदकुंकू. नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलंय ते नीट बघून घ्या, कारण पुढची गोष्ट त्याचीच आहे.

पूजा झाली, बंदूक खुंटीला गेली. महिन्याभराने भातात डुकरं शिरली. काका म्हणाला बार भरतो, नुसता आवाज काढू, पळतील. आजोबांनी बंदूक त्याच्या हातून घेतली आणि आधी रिकामा गज नळीत सोडला. हा त्यांचा कायमचा नेम. गजावर चाकूने खूण केलेली. रिकाम्या बंदुकीत गज त्या खुणेपर्यंत आत जातो. खूण वर राहिली तर आत काहीतरी आहे. त्या दिवशी खूण चांगली वीतभर वर राहिली. घरात कुणाला आठवेना की बार कधी भरला. मग आजोबांनी पडवीत बसून गजाच्या टोकाला पीळ असलेली तार बांधली आणि अर्धा तास कोरून कोरून काय काढलं, तर वाळून लाकूड झालेला झेंडू. देठासकट. पोरांपैकी कुणीतरी फूल ढकलून ढकलून तळाला नेलं होतं.

त्यावर दारू ठासून बत्ती दिली असती तर काय झालं असतं ते आजोबांनी सांगितलं नाही. काकाच्या कानाखाली मात्र आवाज काढला. डुकरं त्या आवाजानेच पळाली असं आम्ही अजून सांगतो.

मंजिरी_तळटीप
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). तो पोरांपैकी 'कुणीतरी' म्हणजे कोण हे आम्हाला कळलेलं आहे.

ठासणीवाला
मी सहावीत होतो आणि माझा वकील बोलेल.

फुसका_बार
ती बंदूक अजून आहे का?

ठासणीवाला
आहे ना. शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. फक्त निवडणूक लागली की ठाण्यात जमा करावी लागते. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा. आजोबांना कुणी विचारलं की बंदूक खंय, तर म्हणायचे, "इलेक्शनाक गेलीहा." त्यांच्या हिशेबाने घरातली सगळ्यात कर्तव्यदक्ष मतदार तीच.

दहा_पूर्णांक_नऊ (परळ)
उशिरा आले. धागा आवडला.
मी एअर रायफलवाली, त्यामुळे इथल्या लोकांच्या दृष्टीने माझी बंदूक म्हणजे फुगे फोडायची. चालू द्या. आमच्याकडे धूर नाही, आवाज नाही, डुक्कर नाही. दहा मीटरवर कागद असतो आणि त्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. बरोब्बर मधोमध लागला तर सगळ्यात जास्त गुण, १०.९. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे मोहरीच्या दाण्याने खसखशीचा दाणा झाकायचा. पाऊण-सव्वा तासात साठ वेळा.

माझा विचित्र फोटो: आमच्या चाळीची गॅलरी, रात्री अकरा. दोरीवर साड्या, टॉवेल, आणि शेजारी कठड्याला टेकून एक बिनडोक्याचा माणूस उभा. तो माझा शूटिंगचा पोशाख. जॅकेट आणि पँट इतकी कडक कॅनव्हासची असते की घडी होत नाही, घाम वाळवायला ठेवली की आपोआप उभी राहते. शेजारच्या आजोबांनी त्या माणसाला दोनदा "कोण हवंय?" विचारलं. तिसऱ्यांदा काठी घेऊन आले.

मंजिरी_तळटीप
आणि मुंबईत ऑक्टोबर हीटमध्ये ते घालायचं?

दहा_पूर्णांक_नऊ
रेंजवर एसी असेल तर ठीक. नसेल तर आतल्या आत भाकरी भाजून निघते. ते घालून चालताना सगळे बदकासारखे चालतात. टीव्हीवर पदक दाखवतात, ती चाल कधी दाखवत नाहीत.

लोकलचं वेगळंच. लेडीज डब्यात केस घेऊन चढले की हमखास कुणीतरी, "गिटार का गं? वाजव ना काहीतरी." एकदा सांगितलं रायफल आहे, तर दादर ते परळ बसायला जागा मिळाली. आता गिटारच सांगते. स्टेशनवर तपासणीला क्लबचं पत्र दाखवायचं, केस उघडायची, बंद करायची, पुढची गाडी पकडायची.

नवखा_नेमबाज
एअर रायफलला लायसन लागतं का ताई?

दहा_पूर्णांक_नऊ
२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ पर्यंतची बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर नाही. दुकानदार ओळखपत्र घेतो, नोंद ठेवतो. पण लायसन नाही म्हणजे खेळणं नाही, एवढं डोक्यात ठेव. डोळा गेला तर ज्यूल मोजत बसायला कुणी येत नाही. रेंजवर जा, कोच गाठ, गॅलरीतून कबुतरं टिपायचा विचार असेल तर आत्ताच सोड.

नवखा_नेमबाज
कबुतरांचं तुम्हाला कसं कळलं 🙁

संपादक
सूचना: हा गप्पांचा धागा आहे. खरेदी-विक्री, 'कुठे मिळेल', घरगुती दुरुस्ती, परवान्याचे फोटो यांपैकी काहीही दिसलं तर प्रतिसाद उडेल. आजींचा फोटो छान आहे.

तोफखाना
संपादकांचा बार हवेत. घाबरू नका.

आता विचित्र चित्रांमधला माझा लाडका प्रकार. पेपरात गोळीबाराची बातमी आली की शेजारी एक चित्र असतं: पिस्तुलातून गोळी सुटली आहे, मागे आगीची रेघ, आणि उडणारी 'गोळी' म्हणजे अख्खं काडतूस. पितळी पुंगळीसकट! अहो, पुंगळी मागे राहते. पुढे जातं ते फक्त शिशाचं टोक. हे म्हणजे धनुष्यातून बाण सोडताना भात्यासकट सोडण्यासारखं झालं.

मंजिरी_तळटीप
किंवा पत्र न पाठवता पोस्टाची पेटीच पाठवणं.

डोंबिवलीचे_काका
मालिकेतला इन्स्पेक्टर बघा. दारात येतो, खट्याक करून पिस्तुलाची स्लाइड ओढतो. आत येतो, परत खट्याक. गुन्हेगाराला धमकी देताना तिसऱ्यांदा खट्याक. अरे, पहिल्यानंतरच्या प्रत्येक खट्याकला एक जिवंत गोळी बाहेर पडेल. तीन वाक्यांत अर्धा चहाचा कप भरेल इतक्या गोळ्या जमिनीवर. हिच्या डोक्यात जातं, ती म्हणते तुम्ही गप्प बसून बघा नाहीतर बातम्या लावा.

तोफखाना
रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर विसरलात का? गोळ्यांचं चक्र आणि नळी यांच्यात फट असते, आवाज तिथूनच बाहेर पडतो. पुढे कितीही मोठं नळकांडं लावा. अपवाद नागां नावाची रशियन रिव्हॉल्व्हर. घोडा चढवला की तिचं चक्र पुढे सरकून नळीला चिकटतं.

ठासणीवाला
अवांतर: 'घोडा' वरून आठवलं. आमच्या गावी घोडा म्हणजे बंदुकीचा तो मागे ओढायचा भाग. लालबागला आलो तेव्हा कॅरमच्या क्लबात एक जण म्हणाला, "त्याच्याकडे घोडा आहे." मी विचारलं, ठेवतो कुठे, चाळीत? सगळे कॅरम सोडून माझ्याकडे बघायला लागले.

दहा_पूर्णांक_नऊ
विचित्र फोटोंचा राजा कुणी टाकलाच नाही? पॅरिस २०२४, तुर्कस्तानचे युसुफ दिकेच. टी-शर्ट, साधा चष्मा, एक हात खिशात, जसे काही भाजी घ्यायला निघालेत आणि वाटेत रौप्यपदक दिसलं म्हणून उचललं. शेजारचे सगळे लेन्स, पट्ट्या, झापडं लावून रोबोट झालेले. लोकांनी डोक्यावर घेतलं. पण आम्हाला त्यात नवल एवढंच की लोकांना नवल वाटलं. पिस्तूल एकाच हाताने मारतात, मोकळा हात खिशात कोंबणारे खूप असतात. तो लोंबकळत राहिला की शरीर हलतं. झापडं हवीत तर लावा, नको तर नका. वय तेव्हा ५१. कान मात्र बंद केले होते त्यांनी, ते फोटोत कुणी बघत नाही.

डोंबिवलीचे_काका
तिथेच आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. पन्नास मीटर रायफल, तीन पोझिशन, ४५१.४ गुण आणि कांस्य. खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला ७२ वर्षं गेली. मी त्या दिवशी पेढे वाटले, सोसायटीतल्या लोकांना वाटलं मुलाचं लग्न ठरलं.

दहा_पूर्णांक_नऊ
काका ❤ कोल्हापूरच्या पाण्यातच काहीतरी आहे. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ ला एशियाडचं सुवर्ण आणलं. आमची मुंबई पण कमी नाही, अंजली भागवत वरळीच्या रेंजवर वाढली. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा वाटलं होतं भिंतीला हात लावला तरी गुण येईल. आला नाही.

फुसका_बार
धागा माझ्या आजीवरून पॅरिसला गेला, आनंद आहे. पण माझ्या प्रश्नाचं काय? काकांची थ्री नॉट थ्री नक्की धरू का?

तोफखाना
थांबा. मी फोटो मोठा करून बघितला. एक गडबड आहे. बोल्टचा दांडा, म्हणजे गोळी भरायला मागे ओढतात तो, डाव्या बाजूला आहे! थ्री नॉट थ्रीचा उजवीकडे असतो. डाव्या बोल्टची मी तरी कधी बघितली नाही. आजी डावखुऱ्या होत्या का? कुंदाही (मागचा लाकडी दस्ता) डाव्या खांद्याला लागलाय.

फुसका_बार
आजी? डाव्या हाताने मीठ वाढलं तरी ती ताट परत पाठवायची.

नवखा_नेमबाज
एआयने बनवलेला फोटो आहे. बोटं मोजा.

फुसका_बार
मी चाळिशीचा आहे आणि हा फोटो माझ्या जन्माआधीपासून त्या खिळ्यावर आहे.

नवखा_नेमबाज
तरी मोजा.

फुसका_बार
पाच आहेत. समाधान?

डोंबिवलीचे_काका
कुणासाठी खास बनवून घेतली असेल. एखाद्या संस्थानिकाची वगैरे.

ठासणीवाला
संस्थानिकाची रायफल गिरगावात? घोड्यावरून आली का?

(इथे डाव्या बोल्टवरून बावीस प्रतिसाद झाले. काका आणि तोफखाना यांच्यात 'तुमच्या जन्माआधी मी' पर्यंत प्रकरण गेलं. संपादकांनी ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)

मंजिरी_तळटीप, रविवार सकाळी ७:४०
तुम्ही सगळे पुरुष रात्रभर बंदुकीकडेच बघत होतात ना? जरा बाईकडे बघा.

नथ उजव्या नाकपुडीत आहे.

आपल्याकडे नथ डावीकडे घालतात. आजी मीठसुद्धा डाव्या हाताने वाढू देत नव्हत्या, त्या नथ उजवीकडे घालतील? फोटो उलटा छापलाय. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह पालथी ठेवली. बोल्ट उजवीकडेच होता, कुंदा उजव्या खांद्यालाच होता, आजी उजव्याच होत्या.

तोफखाना
दंडवत. साष्टांग. कोपरापासून.

डोंबिवलीचे_काका
चाळीस वर्षं बंदुका बघतोय आणि नथीने मारलं.

ठासणीवाला
याला म्हणतात दहा पूर्णांक नऊ.

दहा_पूर्णांक_नऊ
मी हे विशेषण आनंदाने उसनं देते.

मंजिरी_तळटीप
अजून एक. मनगटात काचेच्या बांगड्या आहेत, पण पाटल्या नाहीत. केसांत फूल, नाकात नथ, एवढं नटून फोटोला उभी राहिलेली बाई पाटल्या घरी ठेवेल? डिसेंबर १९६२ म्हटलं तर मला वाटतं संरक्षण निधीला दिल्या असाव्यात. खूप बायकांनी सोनं दिलं होतं तेव्हा. आत्याबाईंना विचारा.

फुसका_बार
काटा आला. आत्या पार्ल्याला असते, दुपारी विचारतो. तोवर फोटो काचेतून काढून स्कॅन केला, मोठा टाकतोय. मोबाइलवरच्यात काचेची तिरीप होती.

डोंबिवलीचे_काका
आता मला वाईट बातमी द्यावी लागणार आहे. पुढच्या लाकडावर, आजींच्या हाताच्या थोडं पुढे, एक पांढरा पट्टा रंगवलेला दिसतोय. काल तिरिपेत दिसला नव्हता. पांढरा पट्टा म्हणजे डीपी. ड्रिल पर्पज. कवायतीची बंदूक. जुन्या, झिजलेल्या रायफली मुद्दाम निकामी करून परेडला द्यायचे, आणि खऱ्या बंदुकीत मिसळू नये म्हणून पट्टा मारायचे. आम्ही एनसीसीत ह्याच वाहिल्या. त्यातून गोळी सुटत नाही. सुटू नये अशीच सोय असते. मस्कट की थ्री नॉट थ्री हा वादही मग संपला.

म्हणजे या फोटोतल्या बंदुकीने तरी चांदमारीचा ठिपका फुटलेला नाही. माफ करा.

फुसका_बार
बायकोने हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा.

तोफखाना
सांत्वन म्हणून: होमगार्डची गोष्ट पटण्यासारखी आहे. होमगार्ड सुरूच मुंबईत झालं, ६ डिसेंबर १९४६, दंगलींच्या काळात, मोरारजी देसाईंनी. म्हणजे फोटोच्या वेळी सोळा वर्षांचं होतं. आणि न उडणाऱ्या बंदुकांना आपल्याकडे मान मोठा असतो. विजापूरची मुलूख मैदान बघा. १५४९ ला अहमदनगरला ओतलेली, ५५ टनांच्या आसपास, तोंडाशी सिंह हत्ती गिळतोय. विचित्र चित्रच म्हणायचं तर ते. १८५४ मध्ये साहेबाने ती भंगारात १५० रुपयांना लिलावात काढली होती. सौदा रद्द झाला म्हणून आज तिच्यापुढे उभं राहून सेल्फी काढता येतो.

ठासणीवाला
मुंबईत राजभवनात पण दोन तोफा सापडल्या ना? २२-२२ टनांच्या.

तोफखाना
हो, २०१८ ला क्रेनने उचलल्या. त्याच्या दोन वर्षं आधी तिथेच जमिनीखाली तेरा खोल्यांचा बंकर निघाला, दारांवर 'शेल स्टोअर', 'कार्ट्रिज स्टोअर' अशा पाट्या शाबूत. एवढी मोठी जागा मलबार हिलला इतकी वर्षं रिकामी होती हे ऐकून आमच्या सोसायटीतला एक एजंट दोन दिवस जेवला नाही.

दहा_पूर्णांक_नऊ
न उडणाऱ्या बंदुकीवरून, चौपाटीवरच्या फुगेवाल्याची बंदूक आठवली. ती उडते, पण जाते कुठे ते तिला विचारून. मी राज्य पातळीवर खेळून आले त्याच आठवड्यात जुहूला भाच्याला घेऊन गेले. सहा छर्रे, एक फुगा. तोही शेजारचा. फुगेवाला म्हणाला, "ताई, प्रॅक्टिस करो." भाचा अजून सगळ्यांना सांगतो.

युक्ती अशी की पहिला छर्रा फुग्यांना मारायचाच नाही. पाटीच्या कोऱ्या जागी मारायचा, बघायचं की माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा काटा) आणि भोक यांच्यात किती फरक पडला, मग तेवढं उलट धरून मारायचं. माशी बहुतेक वाकवलेलीच असते. पण पहिल्या फुग्यासमोर कुणाला धीर असतो?

फुसका_बार, रविवार संध्याकाळी ६:०५
आत्याकडून आलो. बसून ऐका.

एक: पाटल्या. मंजिरीताई, बरोबर. निधीला दिल्या. आजोबांना सांगितलं नव्हतं. फोटो बघून त्यांनी पहिला प्रश्न बंदुकीचा नाही, पाटल्यांचा विचारला. त्यामुळे हा फोटो वर्षभर ट्रंकेत होता आणि नंतर भिंतीवर आला.

दोन: होमगार्डचा वर्ग खरा. शेजारच्या तिघी-चौघी जायच्या. कवायत, प्रथमोपचार, शिट्टी वाजवणं. गोळी कुणीच झाडली नाही. काका, तुम्ही जिंकलात.

तीन: पण आजीने नेम धरून एकदा खरंच काहीतरी फोडलंय. आत्या तेव्हा नऊ वर्षांची, तिच्यासमोर. वर्ग संपल्यावर सगळ्या गिरगाव चौपाटीवर गेल्या. फुगेवाला होता. आजी म्हणाली, मला शिकवलंय, मी दाखवते. बंदूक घेतली, फोटोतल्यासारखेच दोन्ही डोळे मिटले आणि चाप ओढला. लाल फुग्यावर नेम होता. फुटली ती पेट्रोमॅक्सची काच. अंधार. फुगेवाल्याने भरपाई मागितली, आजीने घासाघीस करून अर्धी दिली आणि वर एक फुगा मागून घेतला. घरी येऊन सांगितलं, "पहिल्याच गोळीला उडवला." काय उडवला ते कुणी विचारलं नाही. आमची दंतकथा तिथून आली.

ठासणीवाला
हहपुवा. पेट्रोमॅक्स हा फुग्यापेक्षा अवघड नेम आहे असं माझं मत आहे.

दहा_पूर्णांक_नऊ
माशी वाकडी असणार. मी साक्षीला येते.

मंजिरी_तळटीप
आता फोटो सरळ करून घ्या. स्कॅन आहेच, एका बटणाचं काम.

फुसका_बार, रविवार रात्री ९:३०
केला. नथ डावीकडे, बोल्ट उजवीकडे, सगळं जिथल्या तिथे. चौकातल्या दुकानातून आठ बाय दहाची प्रत काढून फ्रेमही केली आणि आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवली.

बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही कोण रे?"

मी म्हटलं आजी. ती म्हणाली, नाही, ही कुणीतरी दुसरीच दिसते. आईचा भांग या बाजूला नव्हता. आई अशी बघायची नाही. मी म्हटलं अगं, आई तर डोळे मिटून उभी आहे. तर म्हणाली, "तेच. अशी मिटायची नाही."

आत्ता जुनाच परत लावला. खिळा तोच. नवीन प्रत कपाटात आहे, कुणाला बोल्ट बघायचा असेल तर या.